नेमाडेंची ‘हिंदू’ कशी वाचायची? काळाच्या थरांतून फिरणारी कादंबरी, जळगाव जामोदच्या वाचकाच्या नजरेतून

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही कादंबरी २०१० मध्ये आली. त्यानंतर पाच वर्षांच्या आत नेमाडेंना ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला आणि घरोघरी हे जाडजूड पुस्तक विकत घेतले गेले. पण पन्नास-साठ पानांवर खूण घालून कपाटात गेलेल्या मराठी पुस्तकांची यादी केली, तर त्यातही ‘हिंदू’चा नंबर बराच वर लागेल. ‘गोष्ट पुढेच सरकत नाही’, ‘आत्ता कुठल्या काळात आहोत तेच कळत नाही’, ‘माणसे फार आहेत’ या तिच्याबद्दलच्या नेहमीच्या तक्रारी.

या तक्रारी खोट्या नाहीत. मात्र कादंबरीची रचना मुद्दामच तशी केलेली आहे. ती रचना समजली की पुस्तक बरेच सोपे होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून वाचणाऱ्याला तर ते पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षाही जवळचे वाटू शकते. ते का आणि कसे, हे या लेखात पाहू.

कादंबरीत आहे तरी काय?

खंडेराव हा खानदेशातल्या मोरगाव नावाच्या गावच्या शेतकरी कुटुंबातला मुलगा. तो पुरातत्त्व शिकतो आणि कादंबरीच्या सुरुवातीला थेट पाकिस्तानात, सिंधमधल्या मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो. तिकडे असतानाच वडील आजारी असल्याचा निरोप येतो आणि तो गावाकडे निघतो. पुढे वडील जातात. वाडा, शेती आणि नात्यागोत्याचा सगळा पसारा त्याच्यासमोर उभा राहतो.

‘वर्तमानकाळात’ घडणारी गोष्ट जवळपास एवढीच. बाकीची शेकडो पाने खंडेरावाच्या आठवणींनी, ऐकलेल्या गोष्टींनी आणि मनातल्या मनात चाललेल्या बोलण्याने भरलेली आहेत. त्यात एकत्र कुटुंबातल्या बायका येतात. शेतीवर राबणारी माणसे, गावातल्या जाती, गावाबाहेर उतरणारे भटके, वारकरी, महानुभाव, शिक्षणासाठी शहरात गेलेली मुले येतात. म्हणी, गाणी, कहाण्या, भांडणे, गाऱ्हाणी असे बोलण्याचे नाना प्रकार येतात. एक प्रसंग सांगता सांगता दुसरा सुरू होतो आणि दुसऱ्यातून तिसरा फुटतो.

पुस्तक सुमारे सहाशे पानांचे आहे आणि नेमाडेंनी योजलेल्या चार कादंबऱ्यांच्या मालिकेतला हा पहिला भाग आहे. त्यामुळे शेवटी सगळे धागे जुळून येतील या अपेक्षेने वाचणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता असते.

ज्ञानपीठ ‘हिंदू’ला मिळाले का?

समाजमाध्यमांवर ‘ज्ञानपीठ विजेती कादंबरी’ असा तिचा उल्लेख वारंवार होतो. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही. १९८२ पूर्वी ज्ञानपीठ पुरस्कार एखाद्या विशिष्ट पुस्तकासाठी दिला जात असे. वि. स. खांडेकरांना १९७४ चा पुरस्कार मिळाला तो ‘ययाति’साठी. नंतर नियम बदलला आणि लेखकाच्या एकूण कार्याचा विचार होऊ लागला. नेमाडेंना मिळालेला २०१४ चा पुरस्कार (जाहीर झाला फेब्रुवारी २०१५ मध्ये) हा ‘कोसला’पासून ‘हिंदू’पर्यंतच्या साऱ्या लेखनाचा आहे. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर हा मान मिळालेले ते चौथे मराठी लेखक. त्याआधी १९९० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, तोही कादंबरीसाठी नव्हे, तर ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी.

पुरस्काराचा नेमका अर्थ माहीत असणे वाचकाच्या फायद्याचे आहे. ‘एवढा मोठा पुरस्कार मिळालेले पुस्तक आपल्याला कळत नाही, म्हणजे आपणच कमी’ असा न्यूनगंड त्यामुळे टळतो. पुरस्कार लेखकाच्या पन्नास वर्षांच्या कामाला होता. या एका पुस्तकाशी वाचकाने स्वतःच्या गतीने झटापट करायला काहीच हरकत नाही.

काळ पुढे-मागे का फिरतो?

या प्रश्नाचे उत्तर नायकाच्या व्यवसायात आहे. पुरातत्त्वाच्या उत्खननात काळ रेषेसारखा दिसत नाही, थरांसारखा दिसतो. सगळ्यात वर आजची माती, तिच्याखाली कालची आणि अगदी तळाशी पहिल्या वस्तीची. साधारणपणे जितके खाली जावे तितके जुने सापडते. पण प्रत्यक्षात थर इतके नीट नसतात. नंतरच्या लोकांनी धान्य साठवायला पेव खणलेले असते, विहीर पाडलेली असते, घराचा पाया खोदलेला असतो. त्यामुळे वरच्या थरातली वस्तू खाली जाते, खालचे खापर वर येते. दोन हजार वर्षांपूर्वीचे मडके आणि शंभर वर्षांपूर्वीची बांगडी हातभर अंतरावर सापडू शकते. कोणती वस्तू कोणत्या थरातली, हे ठरवणे हेच उत्खनन करणाऱ्याचे मुख्य काम असते.

‘हिंदू’ची रचना अशीच आहे. खंडेरावाच्या डोक्यात बालपण, कॉलेज, आजीने सांगितलेली गोष्ट, फाळणी आणि सिंधू संस्कृती हे सगळे एकाच वेळी हजर असते. एखादा शब्द किंवा एखादे नाव निघते आणि वरच्या थरातून थेट खालच्या थरात खड्डा पडतो. उपशीर्षकातला ‘अडगळ’ हा शब्दही याच अर्थाने घ्यावा लागतो. अडगळीच्या खोलीत वस्तू तारखेप्रमाणे लावलेल्या नसतात. पणजोबांची तलवार, आत्याची पेटी आणि मोडका रेडिओ एकमेकांवर पडलेले असतात. निरुपयोगी म्हणून कोणी ते टाकत नाही आणि वापरतही नाही. नेमाडे या अडगळीला ‘समृद्ध’ म्हणतात. ही समृद्धी आहे की ओझे, हा प्रश्न कादंबरी शेवटपर्यंत चालू ठेवते.

मराठी खेड्यात यासाठी दोन जुने शब्द आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसे शेकडो वर्षे एकाच जागी राहिली की राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचत जाते आणि जागा उंच होते. अशी पांढरीची टेकाडे महाराष्ट्रभर आहेत आणि पुरातत्त्वज्ञ पहिल्यांदा तीच शोधतात. खंडेराव पांढरी उकरण्याचे शिक्षण घेतो, पण घरी त्याची वाट पाहत असते ती काळी. कादंबरीतला पेच या दोन शब्दांत मावतो.

हा प्रयोग नेमाडेंनी पहिल्यांदाच केला का?

नाही. १९६३ मध्ये आलेल्या ‘कोसला’तही काळाशी खेळ आहे. पांडुरंग सांगवीकर आणि त्याचा मित्र हे भविष्यातल्या इतिहास-संशोधकांच्या थाटात स्वतःच्याच काळाकडे पाहतात आणि पुण्यातले त्या वेळचे कॉलेजजीवन जणू शेकडो वर्षांपूर्वीचे असल्यासारखे तपासतात, असा एक भाग त्यात आहे. दुसऱ्या एका भागात रोजनिशीचा घाट वापरला आहे. त्यानंतर १९७५ ते १९७९ या काळात चांगदेव पाटील या प्राध्यापकाभोवतीच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या चार कादंबऱ्या आल्या. ‘झूल’ आणि ‘हिंदू’ यांच्यामध्ये तब्बल तीन दशकांचे अंतर आहे.

म्हणजे ‘कोसला’त वर्तमानाकडे भविष्यातून पाहिले होते आणि ‘हिंदू’त वर्तमानाकडे भूतकाळातून पाहिले आहे. दोन्हींचा हेतू मात्र सारखा आहे. जे रोजचे म्हणून दिसेनासे झाले आहे, त्याला दूर नेऊन पुन्हा दिसेल असे करायचे.

जळगाव जामोदचा यात संबंध काय?

नेमाडेंचा जन्म १९३८ मध्ये यावल तालुक्यातल्या सांगवी गावी झाला. यावल जळगाव जिल्ह्यात. महाराष्ट्रात जळगाव दोन असल्यामुळे एकाला ‘जळगाव खानदेश’ म्हणतात आणि दुसऱ्याला शेजारच्या जामोद गावाचे नाव जोडून ‘जळगाव जामोद’. जिल्हे वेगळे असले तरी यावल, रावेर आणि जळगाव जामोद हे तिन्ही तालुके सातपुड्याच्या एकाच दक्षिण उतारावर आहेत. उत्तरेला डोंगर आणि त्यातली आदिवासी वस्ती, पायथ्याला गावे आणि पुढे तापी-पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती, हे चित्र दोन्हीकडे सारखे. ब्रिटिश काळात खानदेश मुंबई इलाख्यात होता आणि वऱ्हाड वेगळ्या प्रशासनात. पण बाजारहाट, सोयरीक आणि शेती ही सीमा फारशी मानत नव्हती.

भाषेचेही तेच. लेवा गणबोलीत ‘मला’ला ‘मले’ म्हणतात आणि वऱ्हाडीतही ‘मले’च म्हणतात. शेताला ‘वावर’ दोन्हीकडे. ‘हिंदू’तले संवाद वाचताना शहरातला वाचक जिथे अडखळतो, तिथे जळगाव जामोद, नांदुरा किंवा मलकापूरचा वाचक सहज पुढे जातो. मोठ्याने वाचले तर आणखी सोपे जाते, कारण ही भाषा मुळात बोलण्याची आहे.

पण खरा संबंध यापुढचा आहे. ‘एकाच जागी अनेक काळ एकत्र राहतात’ हे कादंबरीचे म्हणणे या परिसरात डोळ्यांनी पाहता येते. त्याची तीन उदाहरणे घेऊ.

पहिले, भेंडवळ. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी दरवर्षी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. गावाबाहेरच्या शेतात अठरा प्रकारची धान्ये वर्तुळात मांडतात. मध्ये खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याचा घट आणि खाद्यपदार्थ ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातले बदल पाहून पाऊस आणि पिकांचे भाकीत सांगतात. हवामानशास्त्रात याला आधार नाही आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्यावर टीका करत आले आहेत. तरीही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे आणि आता तिच्या बातम्या सकाळीच मोबाइलवर येतात. ज्या हातात हवामान खात्याचा अंदाज असतो, त्याच हातात घटमांडणीचे भाकीतही असते. दोन काळ एकाच स्क्रीनवर असतात. खंडेरावाला आपल्या गावात हेच दिसते. नवे येते म्हणून जुने जात नाही. ते बाजूला सरकून बसते.

दुसरे, भोन. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात इथे उत्खनन केले, तेव्हा प्राचीन वस्ती आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. या पुराव्यांवरून वस्तीचा काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्या आसपास, म्हणजे मौर्यकाळापर्यंत मागे जातो. ‘प्राचीन’ म्हटले की आपल्याला अजिंठा नाही तर मोहेंजोदडो आठवते, पण तसा थर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, कपाशीच्या शेतांच्या शेजारी आहे.

तिसरे, जिगाव. पूर्णा नदीवर जिगाव येथे मोठा सिंचन प्रकल्प उभा राहतो आहे. नांदुरा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी आणि घरे त्याच्या बुडीत क्षेत्रात येतात. भोनचा स्तूपही या पाण्याखाली जाणार, ही चिंता अभ्यासकांनी मांडली आहे. खारपाणपट्ट्याजवळच्या या कोरडवाहू भागाला पाण्याची गरज आहे, हेही तितकेच खरे. पाणी हवे आणि गाव सुटू नये, हा पेच इथल्या अनेक कुटुंबांनी प्रत्यक्ष भोगला आहे. पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात घर बांधता येते. पण जुन्या पांढरीवर कोणत्या देवाची जागा कुठे होती आणि कोणाच्या वाड्यातून पालखी निघायची, ही माहिती नव्या प्लॉटच्या नकाशावर येत नाही.

‘हिंदू’त गाव धरणात बुडत नाही. पण वाडा आणि शेती यांचे पुढे काय होणार, माणसे निघून गेली की त्यांच्याबरोबर काय जाते, हीच काळजी तिच्या तळाशी आहे. म्हणून जिगावच्या बुडीत क्षेत्रातून नव्या गावठाणात आलेल्या घरातला शिकलेला मुलगा ही कादंबरी वाचेल, तेव्हा त्याला तिच्यातला कालक्रम कदाचित सापडणार नाही, पण ती कशाबद्दल आहे हे विचारावे लागणार नाही.

सिंध ते खानदेश : एवढी लांब उडी कशासाठी?

अनेक वाचकांना सुरुवातच परकी वाटते. खानदेशच्या कादंबरीत मोहेंजोदडो कशाला? याची दोन कारणे सांगता येतात.

एक म्हणजे शब्द. ‘हिंदू’ हा शब्द ‘सिंधू’ या नदीच्या नावावरून आला. इराणी भाषांत ‘स’चा ‘ह’ होऊन नदीपलीकडच्या लोकांना ‘हिंदू’ म्हटले गेले. म्हणजे शब्द आधी भूगोलाचा होता, धर्माचा नंतर झाला. नेमाडे त्या जुन्या, पसरट अर्थाकडे जातात. त्यामुळे शीर्षक पाहून कोणी धर्माभिमानाच्या अपेक्षेने पुस्तक उघडतो आणि कोणी त्याच भीतीने टाळतो. दोघांचाही अंदाज चुकतो. कादंबरीत जातिव्यवस्थेवर, बायकांच्या वाट्याला आलेल्या जगण्यावर आणि शेतकऱ्याच्या अवस्थेवर कडवट टीका आहे, आणि त्याच समाजाच्या सहनशीलतेबद्दल, मिसळून राहण्याबद्दल जिव्हाळाही आहे.

दुसरे कारण महानुभाव पंथाचे. चक्रधरांनी तेराव्या शतकात महाराष्ट्रात स्थापन केलेला हा पंथ पुढे पंजाब, पेशावर आणि काबूलपर्यंत पोहोचला होता. उत्तरेत त्याला ‘जयकृष्णी’ म्हणत. म्हणजे वऱ्हाडातल्या रिद्धपूरशी नाते सांगणारी मराठी पोथी वायव्य सरहद्दीवरही वाचली जात होती. फाळणीने ही वाट तुटली. खंडेरावाच्या कुटुंबातला महानुभाव धागा या इतिहासावर उभा आहे. ही पार्श्वभूमी माहीत असली की सिंध आणि खानदेश यांच्यातली उडी लेखकाची लहर वाटत नाही.

जगात अशा कादंबऱ्या आहेत का?

भरपूर आहेत आणि त्यातल्या अनेकांना मोठे पुरस्कार मिळाले आहेत. योगायोग असा की, ‘हिंदू’ आली त्याच २०१० मध्ये अमेरिकेत जेनिफर ईगन यांची ‘अ व्हिजिट फ्रॉम द गून स्क्वॉड’ आली. तिला २०११ चे पुलित्झर मिळाले. तिच्यात तेरा प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाचे, वेगळ्या वर्षातले आहे. काही १९७० च्या दशकातली, काही लेखनाच्या वेळी भविष्यात असलेली. एक अख्खे प्रकरण तर पॉवरपॉइंटच्या स्लाइडच्या रूपात आहे. एका प्रकरणात ओझरता आलेला माणूस दुसऱ्यात नायक होऊन भेटतो, म्हातारा झालेला किंवा पुन्हा तरुण.

आपल्या उपखंडातले मोठे उदाहरण म्हणजे कुर्रतुलऐन हैदर यांची १९५९ ची उर्दू कादंबरी ‘आग का दरिया’. इसवी सनापूर्वीच्या काळापासून फाळणीपर्यंत तीच नावे वेगवेगळ्या युगांत पुन्हा पुन्हा येतात. हैदर यांना १९८९ चे ज्ञानपीठ मिळाले. गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ या हिंदी कादंबरीतली म्हातारी नायिका वाघा ओलांडून पाकिस्तानात जाते. तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चे आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले.

ईगन यांच्या कादंबरीत काळ माणसाला झिजवतो आणि पुढे ढकलतो. ‘हिंदू’त काळ पुढे जायचे नावच घेत नाही, तो साचतो. एकीकडे सतत घर आणि गाव बदलणाऱ्या शहरी माणसांची गोष्ट आहे, तर दुसरीकडे एकाच पांढरीवर पिढ्या काढणाऱ्यांची. काळाचा हा फरक समाजांच्या फरकातून आला आहे.

‘हिंदू’वरचे आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप लांबीचा. काही याद्या आणि चर्चा इतक्या लांबतात की कथा थांबते. दुसरा, खंडेराव कधी कधी माणूस न राहता लेखकाच्या मतांचा प्रवक्ता होतो. नेमाडेंची देशीवादाची भूमिका ज्यांना पटत नाही, त्यांना अशी पाने निबंधासारखी वाटतात. तिसरा, बायकांची दुःखे पुष्कळ आणि तीव्रपणे येतात, पण बव्हंशी पुरुषाच्या आठवणीतून येतात. चौथा, गावगाड्याबद्दलचा जिव्हाळा कधी कधी त्यातल्या अन्यायावर मात करतो. गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला फक्त अपमान आला, त्यांना ही अडगळ ‘समृद्ध’ का वाटावी, हा प्रश्न रास्त आहे.

हे आक्षेप मनात ठेवून वाचले तरी चालते. किंबहुना तसे वाचले तर कादंबरीशी वाद घालता येतो, आणि ती वादासाठीच लिहिलेली आहे.

मग वाचायला सुरुवात कशी करावी?

• कालक्रम शोधू नये. ‘हे नेमके कोणत्या वर्षी?’ हा प्रश्न सोडून ‘ही आठवण आत्ताच का निघाली?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर बहुतेक वेळा आधीच्या एक-दोन पानांत सापडते.

• एक खांब धरून ठेवावा. मोहेंजोदडोहून निघणे, गावी पोहोचणे, वडिलांचा मृत्यू आणि त्यानंतरचा वारशाचा प्रश्न, हा तो खांब. भरकटल्यासारखे वाटले की आपण यातल्या कोणत्या टप्प्यावर आहोत एवढेच तपासावे.

• वहीत घराणे मांडावे. आत्या, बहिणी, काका, गडी, शेजारी अशी नावे येतील तशी लिहीत जावे. सोयरिकी जुळवणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसांना हे काम मजेचे वाटेल.

• रोज थोडे वाचावे. एका बैठकीत शंभर पाने वाचायचे हे पुस्तक नाही. रोज दहा-पंधरा पाने वाचली तर दीड-दोन महिन्यांत ते संपते. सार्वजनिक ग्रंथालयातून आणले असेल तर परतीच्या मुदतीत ते संपणार नाही. पुन्हा नोंद करून घ्यावी.

• काही भाग सोडायला हरकत नाही. एखादी चर्चा जड गेली तर पुढच्या प्रसंगाकडे जावे. सोडलेले पान नंतर आठवते आणि वाचक तिथे परत येतो. या कादंबरीत मागे जाणे हेही वाचनच आहे.

• घरच्या मोठ्यांना विचारावे. शेतीची अवजारे, सण, नात्यांची नावे यांतले अनेक शब्द शब्दकोशापेक्षा आजी-आजोबांकडे लवकर सापडतात.

• जड वाटल्यास आधी दुसरे पुस्तक घ्यावे. बुलढाणा जिल्ह्याचेच लेखक सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ त्यासाठी चांगली. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. शिकलेल्या शेतकरीपुत्राची कोंडी तिच्यात सरळ कालक्रमाने येते. ती वाचून ‘हिंदू’कडे वळले, तर तोच प्रश्न थरांतून मांडला की कसा बदलतो, ते लक्षात येते.

शेवटी हाती काय लागते?

‘हिंदू’ संपल्यावर सांगण्यासारखी गोष्ट फार थोडी उरते. उरतो तो एक प्रश्न. वडिलोपार्जित घर, शेती, रीतिरिवाज, बोली आणि आठवणी यांतले काय ठेवायचे, काय टाकायचे आणि हे ठरवायचा अधिकार कोणाचा? शिकून बाहेर पडलेल्या पिढीला हा प्रश्न टाळता येत नाही. सातबाऱ्यावरची नावे, बंद पडलेला वाडा आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाललेली वाटणीची चर्चा, या रूपाने तो समोर येतोच.

जळगाव जामोद परिसरात तर या प्रश्नाला मुदतही आहे. जिगावच्या बुडीत क्षेत्रातल्या जुन्या गावांच्या गोष्टी सांगणारी माणसे आज म्हातारी आहेत. पांढरी पाण्याखाली गेल्यावर तिथे उत्खनन होत नसते. कादंबरीने या भागातल्या तरुण वाचकाला एवढे जरी सुचवले, की हातातल्या मोबाइलवर आजीचे बोलणे आणि गावाची नावनिशी नोंदवून ठेवावी, तर सहाशे पाने वाचण्याचे कष्ट वाया गेले असे म्हणता येणार नाही.